सिद्रामअण्णांचे फोटो

आमचे सिद्रामअण्णा ट्यूबलाइट बदलतात तेव्हा आधी जुनीकडे बोट दाखवून फोटो काढून घेतात, मग नवीकडे बोट दाखवून. दोन्ही फोटो लगेच ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. खाली मजकूर : 'उजेड केला. सिद्राम.'

अण्णा आमच्या पतसंस्थेचे शिपाई. गाव मंद्रूप, सोलापुरात खोली घेऊन एकटेच राहतात. पाण्याचा जार बसवला, फोटो. साहेबांच्या खुर्चीचं चाक बसवलं, फोटो. त्यात साहेबांचे फाटके मोजे आले, तरी फोटो. "अहो अण्णा, किती ते!" म्हटलं की उत्तर ठरलेलं. "ताई, केलेलं दिसलं पायजे की! न्हाईतर म्हनत्यात, बसून पगार खातंय."

आम्ही महाटवाळ मंडळी. प्रत्येक फोटोखाली ते डोळ्यांतून पाणी काढून हसणारं तोंड टाकायचो. मी तर सगळ्यांच्या पुढे. मेलेल्या उंदराकडे बोट दाखवून अण्णा उभे राहिले, त्या दिवशी ग्रुप नुसता खिदळत होता. थट्टा म्हणून मीच त्यांना ग्रुपचं ॲडमिनही करून टाकलं होतं.

परवा साहेबांना ग्रुपवर एक अनोळखी नंबर दिसला. "कोण आहे हा? आत्ताच्या आत्ता काढा," म्हणाले. मी फोन हातात घेतला, तेवढ्यात चहा घेऊन आलेल्या अण्णांनी ट्रे खालीच ठेवला.

"ताई, तेवढा नंबर राहू द्या. आई हाय."

"आई? आपल्या ग्रुपवर?"

"तिला ऐकू येत न्हाय आता. फोनवर काय बोलू? आन् नुसता तिलाच फोटो धाडला तर म्हनती, मला बरं वाटावं म्हनून काढलायस. सायबाच्या ग्रुपवर दिसलं की तिला पटतं." मग जरा घुटमळून म्हणाले, "वाचाया येत न्हाय तिला. पन ती हसरी तोंडं बघती. रविवारी गेलो की म्हनती, सिद्रामा, किती जीव लावत्यात रं तुला मानसं!"

"मग तुम्ही काय सांगता?"

"काय सांगनार? व्हय म्हनून मान हलवतो," अण्णा माझ्याकडे न बघता म्हणाले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. साहेबांना मी कसंबसं समजावलं, नंबर राहिला. बाकीच्यांना एकेकाला गाठून दम दिला, खबरदार पुन्हा कुणी हसलात तर!

दुसऱ्या दिवशी अण्णांनी पुसलेल्या काउंटरचा फोटो टाकला. ग्रुप चिडीचूप. मला वाटलं, चला, निदान एवढं तरी केलं. दुपारी अण्णा माझ्या टेबलापाशी आले, तोंड एवढंसं झालेलं.

"ताई, पुतन्याचा फोन आलता. आई जेवंना झालीया. आज कुनीच हसलं न्हाय, सायब रागावलं का काय, म्हनून इचारतीया."

लाजेनं माझी मान वर होईना. फोन उघडला, तेच हसणारं तोंड शोधलं आणि अण्णांच्या फोटोखाली टाकलं. अण्णा वाकून बघत होते.

"दोन टाका की, ताई," ते हळूच म्हणाले.