कानसेनांनी तपासलेलं घर

"घर घ्यायला दलाल? माशाला कधी कोणी पोहायला शिकवतं का?" असं कानसेनांनी भर दुकानात जाहीर केलं, तेव्हा समोर उभ्या गिऱ्हाइकाने मान डोलावली. बिचाऱ्याचं वॉशिंग मशीन त्यांच्या ताब्यात होतं. मान डोलावल्यावाचून करतो काय?

कानसेन हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. फ्रिज, मिक्सर, पंखे, जे जे म्हणून आवाज करतं ते ते दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. एका डॉक्टरांचा औषधांचा फ्रिज त्यांनी झटक्यात चालू करून दिला, तेव्हा खूश होऊन डॉक्टरांनी आपला जुना स्टेथोस्कोप त्यांना देऊन टाकला. तेव्हापासून हे गृहस्थ तो स्टेथोस्कोप मशीनला लावायचे, डोळे मिटायचे आणि गायकाला दाद द्यावी तसे म्हणायचे, "वा! बेअरिंग गेलंय!"

दुसऱ्याच्या घरात डोकावायची हौस त्यांना उपजतच होती. बंद वस्तू दिसली की उघडायची आणि उघडी दिसली की आत बोट घालायचं! म्हणूनच तर ते मोठे कारागीर झाले, आणि म्हणूनच त्यांच्या बायकोचे केस लवकर पिकले.

दोघं राहत होती दुकानाच्या मागच्या खोलीत. भिंतीपलीकडे दुरुस्तीला आलेले फ्रिज एकसारखे घरघरत असत. एक दमला की दुसरा सुरू! बायको कानात कापसाचे बोळे घालून झोपायची आणि सकाळी नवऱ्याचं बोलणं निम्मं ऐकू यायचं. त्या निम्म्याबद्दल तिची काही तक्रार नव्हती. पण नवं घर घ्यायचं ठरलं तेव्हा तिने एकच अट घातली.

"मला खिडकी लहान चालेल, ओटा लहान चालेल. पण घरात शांतता पाहिजे. बस्स!"

एका गिऱ्हाइकाकडून पत्ता मिळाला. एक निवृत्त स्टेशनमास्तर आपलं घर स्वतःच विकणार होते, मध्ये कोणी नको म्हणत होते. कानसेन खूश! वाटेत त्यांनी बायकोला पढवलं. "हे बघ, पसंत पडलं तरी तोंड वाकडं ठेवायचं. आपली गरज कळली की समोरचा शिरजोर होतो."

मास्तरांनी दार उघडलं. एकटेच राहत होते. लेक दुसऱ्या गावी असते आणि आता तिच्याकडेच कायमचं जायचं ठरलंय, एवढं त्यांनी पाणी देता देता सांगितलं. बायको स्वयंपाकघरात गेली आणि खिडकीपाशी उभी राहिली. ना घरघर, ना खडखड! कित्येक वर्षांनी तिला स्वतःच्या बांगड्यांचा आवाज ऐकू आला. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी उभं राहिलं.

"अहो, हेच घर!" ती मोठ्याने म्हणाली. वाकडं तोंड राहिलं बाजूला!

पण कानसेनांचं लक्ष कुठे होतं? ते न्हाणीघराच्या भिंतीवर टकटक करत होते. ओल दिसत नव्हती, पण आतला नळ गळत असला तर? लगेच पिशवीतून स्टेथोस्कोप निघाला, कानात गेला, भिंतीला लागला.

"काय म्हणतेय भिंत?" मास्तरांनी कुतूहलाने विचारलं.

"शू!"

आणि नेमक्या त्याच क्षणी शेजारच्या काकू दारातून आत आल्या. शेजाऱ्याकडे कोण आलंय हे बघण्यात काकूही काही कानसेनांना हार जाणाऱ्या नव्हत्या. त्यांची चाहूल लागताच कानसेन वळले. कानातली नळी काढून त्यांनी गळ्यात अडकवली.

"अगंबाई! डॉक्टर?" काकूंचा चेहरा उजळला. "मास्तर, घर घ्यायला डॉक्टर आले आणि तुम्ही बोललात नाही ते? अहो डॉक्टर, मला की नाही जिना चढताना फार धडधडतं!" आणि खुर्ची ओढून त्या समोर बसल्यासुद्धा!

"अहो काकू, मी..." कानसेनांनी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. कारण मनात एक किडा वळवळला. जन्मभर एवढी यंत्रं ऐकली, पण माणूस? माणूस कसा वाजतो हे त्यांना ठाऊकच नव्हतं! एकदा, फक्त एकदा ऐकायला काय हरकत आहे?

बायकोने डोळे वटारले. पण तोवर नळी कानात गेली होती.

"अरेच्चा!" कानसेन पुटपुटले. "एकदाही बंद न पडता चाललंय की हे! काकू, आवाज सतत येतो की थांबून थांबून?"

"थांबून थांबून."

"सुरू होताना हादरा बसतो?"

"अगदी! कसं बरोबर ओळखलंत!"

"बंद करून पुन्हा सुरू करून पाहिलंत का?"

काकू क्षणभर गोंधळल्या. मग त्यांना उलगडा झाला. "म्हणजे विश्रांती! इतकी वर्षं मी घरात हेच सांगतेय!"

"हे बघा काकू, तुम्ही एखाद्या चांगल्या डॉक्टरांना दाखवा," कानसेन घाईघाईने म्हणाले.

"बघा, किती निगर्वी माणूस!" असं म्हणत काकू बाहेर पळाल्या त्या प्रत्येक मजल्यावर थांबत. थोड्याच वेळात मास्तरांच्या घरात ही गर्दी! कोणाचा गुडघा, कोणाची कंबर, कोणाचा खोकला. एकजण तर नुसताच आला होता. "मला काही होत नाही, तेच जरा तपासा," म्हणाला.

"अहो, सांगा की खरं!" बायको कानात ओरडली.

"सांगतो गं! एवढा एक खोकला ऐकतो. काय घुमतोय बघ!"

"तो घुमतोय, आणि आपलं घर जाईल!"

तेवढ्यात फोनवर बोलायला गच्चीत गेलेले मास्तर हसत हसत परत आले आणि त्यांनी टाळी वाजवली. "मंडळी, ठरलं!"

बायकोचा जीव भांड्यात पडला. पण तो भांड्यात धड टेकतोय न टेकतोय तोच मास्तर पुढे म्हणाले, "हे घर मी विकत नाही!"

"आं?"

"अहो, लेकीचं एकच पालुपद होतं. बाबा, जवळपास एक डॉक्टर नाही, एकटे कसे राहाल? आता सांगून टाकलं तिला, डॉक्टर आपल्याच इमारतीत राहायला येतायत. आता कशाला जाऊ?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"पण मास्तर," कानसेन म्हणाले, "तुम्ही घर विकलं नाहीत, तर डॉक्टर राहणार कुठे?"

"ते बघू हो! तुमच्यासारख्याला घरं काय कमी?"

आता मात्र कानसेनांना घाम फुटला. "मी डॉक्टर नाही!" ते ओरडले. "मी फ्रिज दुरुस्त करतो!"

सगळे खो खो हसले. गमत्या आहे हो डॉक्टर!

"खरंच नाहीत हो," बायको काकुळतीला आली. "इंजेक्शन बघूनच यांना घेरी येते!"

काकूंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "पिकतं तिथे विकत नाही, बाई. माझ्या बहिणीचा नवरा वकील आहे, तीही असंच बोलते."

आली का पंचाईत! डॉक्टर असल्याचं सोंग पुष्कळांनी केलं असेल, पण डॉक्टर नसल्याचा पुरावा आणायचा कुठून? कानसेनांनी चहूकडे पाहिलं. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मास्तरांचा फ्रिज उभा होता. बंद. आत रद्दी भरलेली.

"चला माझ्याबरोबर सगळे!"

रद्दी बाहेर आली, फ्रिज भिंतीपासून सरकला, पिशवीतून पाना निघाला. मागे सुटलेली एक वायर कानसेनांनी जोडली आणि बटण दाबलं. घर्रर्र! फ्रिज हादरला आणि चालू झाला. लोक अवाक! आणि मग कानसेनांना कोण आवरणार? वॉशिंग मशीनच्या पंपात अडकलेला मोजा निघाला, दिवाणखान्यातला पंखा करकरत फिरू लागला, मुकी झालेली दाराची घंटा खणखणली.

"पटलं?" घामाघूम कानसेन गरजले. "आहे का मी डॉक्टर?"

"नाही!" सगळे एकमुखाने म्हणाले. हे ऐकून एवढा आनंद झालेला माणूस दुसरा कोणी नसेल!

"मग माझी धडधड?" काकू चिडल्या.

"ती खरी आहे, काकू. आजच्या आज खऱ्या डॉक्टरांकडे जा. मी थट्टा करत नाही."

माणसं कुरकुरत पांगली. घरात उरले तिघं आणि चार यंत्रं. बायको पुढे झाली. "मास्तर, आता तर खात्री पटली ना? मग द्याल ना आम्हाला घर?"

मास्तर फ्रिजच्या दाराला हात लावून उभे होते. हाताखाली तो थरथरत होता.

"पोरी, तुझ्याशी खोटं कशाला बोलू," ते म्हणाले. "डॉक्टर नाही हे निमित्त लेकीचं, तिची समजूत मी घालीन. माझं कारण वेगळंच होतं. जन्म गेला गाड्यांच्या धडधडाटात. घरी आलो की ही बोलायची, भांडी वाजायची, हा फ्रिज कुरकुरायचा. ती गेली. मग पंखा थांबला, घंटा थांबली, हा थांबला. मी काही दुरुस्त केलं नाही. दिवसभर नुसती शांतता! ती खायला उठायची गं मला. म्हणून घर विकायला काढलं." मग ते लहान मुलासारखे हसले. "आणि आज बघ, सगळं घर बोलायला लागलं!"

बायको ऐकत राहिली. पंख्याची करकर, फ्रिजची घरघर, मशीनची खडखड. बांगड्यांचा आवाज केव्हाच बुडाला होता. तिला फार वाईट वाटलं, स्वतःसाठी आणि मास्तरांसाठीही. तिने वाकून त्यांना नमस्कार केला आणि म्हणाली, "राहा, मास्तर. इथेच राहा."

जिना उतरून फाटकाशी आल्यावर तिने हात पुढे केला. कानसेनांनी मुकाट्याने स्टेथोस्कोप तिच्या हातात ठेवला आणि तो तिच्या पर्समध्ये गेला.

थोडं अंतर चालल्यावर कानसेन दबक्या आवाजात म्हणाले, "पण काय गं, माणसाचं काळीज काय झकास वाजतं! मला कल्पनाच नव्हती. एकदा तुझं ऐकू?"

"आधी घर घ्या!" बायको म्हणाली.