प्रभावाचे एकेचाळीस गुण

प्रभाव ही गोष्ट नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. ती दिसत असती, तर तिच्यावर माहितीपट काढायची पाळीच आली नसती. हिंदी सिनेमाचा परदेशी जनमानसावरचा प्रभाव तर इतका खोल आहे, की तो शोधायला सरकारी खात्याला दोन माणसे, अकरा खोकी आणि एक परिशिष्ट पाठवावे लागले.

परिशिष्ट मोठ्या विचाराने तयार केलेले होते. परदेशी माणसाने आपले गाणे गुणगुणल्यास दोन गुण, नाचल्यास पाच, घरातल्या लेकराला नायकाचे नाव ठेवले असल्यास आठ, आणि आठवणीने रडल्यास पंधरा (दोन्ही डोळ्यांनी, एकाच डोळ्याने रडणाऱ्याचे प्रकरण समितीपुढे जाईल). नुसती मान डोलावणाऱ्याला एक गुण, पण तो वेगळ्या वहीत, कारण मान कोणीही डोलावतो. चाळीस गुण भरले की प्रभाव सिद्ध. एकोणचाळीस भरल्यास त्याला प्रभाव म्हणायचे नाही, तोंडओळख म्हणायचे.

मोहिमेचे प्रमुख, म्हणजे माहितीपटकार, हे अनुभवी गृहस्थ होते. 'गोदामातील धान्याची निगा' या मालिकेचे पहिले तीन भाग त्यांचेच. चौथ्या, उंदरांवरच्या भागाचा आदेश टाइप होऊन पडला होता. चाळीस गुण न भरल्यास परतल्याबरोबर त्यांना उंदरांकडे रुजू व्हायचे होते. उंदरांबद्दल त्यांच्या मनात आकस नव्हता. पण बायकोने माहेरी सगळ्यांना सांगून ठेवले होते की आता हे सिनेमात गेले.

दुभाषी म्हणून त्यांच्या मावसभावाची बायको नेमली होती. मोहीम ज्या परदेशी गावात जायची होती, तिथे ती वीस वर्षे राहत होती. (नात्याचा आणि नेमणुकीचा संबंध नाही, असा शेरा फाइलवर आहे. तो माहितीपटकारांच्याच अक्षरात आहे.) वहिनींनी पहिल्याच दिवशी दारात स्वागत केले. "या भावजी. अंघोळ अर्ध्या बादलीत उरका. वरच्या मजल्यापर्यंत पाणी चढत नाही आमच्याकडे."

पाच दिवसांत सव्वीस गुण जमले. चार जण गुणगुणले. दोघे नाचले (एकाच्या बुटात खडा होता, पण नाच तो नाच). एका वाण्याने नायकाचे नाव कुत्र्याला ठेवले होते. लेकरू दोन पायांचेच असावे असे परिशिष्टात कुठे नव्हते.

घोडे अडले ते रडण्यापाशी. शिवाय एक बारीकशी अडचण होती. गावकऱ्यांना सिनेमे भरभरून आठवत, पण आठवत ते कोणी काढलेलेच नव्हते. न्हाव्याने सांगितले, की शेवटी नायिका नायकाला घरी बसवते आणि स्वतःची लाँड्री काढते. ते बघूनच त्याच्या बायकोने लाँड्री काढली होती. शाळामास्तरांच्या आठवणीतला खलनायक पाणीखात्याचा साहेब होता. माहितीपटकारांनी वहीत 'किरकोळ तफावत' असे लिहिले आणि त्याखाली दोनदा रेघ ओढली.

सहाव्या दिवशी, म्हणजे शेवटच्या दिवशी, उलगडा झाला. गावात थिएटर एकच होते आणि तिथे येणाऱ्या हिंदी सिनेमांवर खाली अक्षरे नसत. म्हणून पडद्याशेजारी स्टुलावर उभा राहून एक माणूस कर्ण्यातून अर्थ सांगायचा. तीस वर्षे त्याने हे काम केले. थिएटर बंद पडले, आणि आता तो बाजारात किल्ल्या बनवायचे दुकान चालवत होता.

"साहेब, हा रडणार," कॅमेरामन म्हणाला. "वय आहे, आठवणी आहेत, दुकानात धूळ पण आहे."

दुकान एवढेसे. भिंतभर किल्ल्या, टेबलावर कानस, आणि कानसेमागे किल्लीवाले आजोबा. कॅमेरा लागला. माहितीपटकारांनी आदराने पहिला प्रश्न टाकला, "आजोबा, तुम्ही हिंदी कुठे शिकलात?"

वहिनींनी विचारले, उत्तर ऐकले, आणि पदर तोंडाला लावला. "ते म्हणतात, कोण शिकलं?"

"म्हणजे?"

"म्हणजे येतच नाही, भावजी. तोंडं हलताना बघायचे आणि सांगायचे."

माहितीपटकारांनी वही मिटली. पण दुसरा म्हातारा शोधायला वेळ नव्हता. त्यांनी लॅपटॉपवर एक जुने गाणे लावले. नायिका बागेत, नायक झाडाआड. आजोबा सवयीने उठून उभे राहिले आणि ठणठणीत आवाजात सांगू लागले. वहिनी मागोमाग सांगत गेल्या, "ती म्हणते, चार दिवस नळाला पाणी नाही आणि तू फुलं घेऊन उंडारतोयस? तो म्हणतो, मी साहेबाला भेटलो, त्यानं हाकललं. ती म्हणते, मग मीच जाते त्याच्याकडे. आता बघा, ती निघाली."

पडद्यावर नायिका खरोखरच निघाली होती. कंबर हलवत, पण निघाली होती.

"वहिनी, त्यांना खरा अर्थ सांगा," माहितीपटकार म्हणाले. माणूस सरकारी असला तरी सत्याची ओढ केव्हा उसळेल याचा नेम नसतो.

वहिनींनी सांगितले. नायिका म्हणते, तू चंद्र आहेस. नायक म्हणतो, तूही चंद्र आहेस.

"ते विचारतायत, मग?"

"मग काय? मग ती परत म्हणते, तू चंद्र आहेस."

"पाण्याचं काय, म्हणतायत."

"पाण्याचं काही नाही."

"आणि शेवटी तो साहेब हात जोडून माफी मागतो ना?"

"साहेब नाहीच आहे तिथे! स्मगलर आहे. तो हेलिकॉप्टरमधून पडतो."

आजोबा स्टुलावर बसले. कानस उचलली, परत ठेवली. आणि मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले. दोन्हींतून. कॅमेरामनने न सांगता जवळचा शॉट घेतला.

"ते म्हणतात," वहिनी हळू आवाजात बोलू लागल्या, "इथला पाणीसाहेब एकदा सिनेमाला आला होता. त्याला वाटलं, आपली बदनामी पार परदेशात जाऊन पोचली. दुसऱ्या दिवशी नळ आला. मी म्हणायचो, बाहेरच्या देशातली माणसं आपल्यासारखीच भांडतात, आपण एकटे नाही. आणि ते नुसते चंद्र चंद्र करत होते? भावजी, ते हात जोडतायत. गावाला कळू देऊ नका म्हणतायत. न्हाव्याची बायको लाँड्री बंद करेल."

माहितीपटकारांपुढे धर्मसंकट उभे राहिले. ते साधारण चार सेकंद टिकले. आजोबांची अब्रू वाचवायची आणि पंधरा गुणही घ्यायचे, याला खात्यात रूढ उपाय आहे. डोळे ठेवावेत, आवाज काढून टाकावा. माहितीपटात आजोबा रडतात आणि निवेदक भारदस्त स्वरात म्हणतो, "हिंदी सिनेमानेच मला जगायला शिकवले, हे सांगताना त्यांचा कंठ दाटून येतो." एकूण गुण एकेचाळीस. मायदेशी प्रेक्षक उभे राहिले. समितीच्या अध्यक्षांनी चष्मा पुसला. माहितीपटकारांच्या सासूबाई तर सर्वांत आधी रडल्या. उंदीर कनिष्ठ सहकाऱ्याकडे गेले.

पुढे तो माहितीपट त्या गावातही दाखवला. खाली अक्षरे नव्हती. आजोबांनी जुना कर्णा काढला, स्टुलावर चढले आणि अर्थ सांगितला. ते काय बोलले याची नोंद नाही, पण दुसऱ्याच दिवशी बाजारातले बंद दिवे लागले, असे वहिनींनी फोनवर कळवले.

आता एक शेवटची नोंद. या सगळ्या प्रकरणात त्या गावची भाषा कळणारे आपले माणूस एकच होते, ते म्हणजे वहिनी. किल्लीवाले आजोबा नळाबद्दल बोलले, पाण्यासाठी रडले, हे त्यांनीच सांगितले. पाहुण्यांना अर्धी बादली देणाऱ्या त्याच वहिनी. आजोबा कदाचित कानसेबद्दल बोलत असतील. वाचकहो, तुम्हीही विचारले नाहीत. नळ आला तिथे उलट तुमची मान डोलली.

तो एक गुण वेगळ्या वहीत तुमच्या नावावर मांडला आहे.