राजकन्येच्या दाती तारा बांधिल्या त्याची हकिकत

"बाई, डोळ्यांनी पाहिलेस तेवढेच लिही, आणि कोणास दुखवू नको," ऐसे आमच्या सासूबाई सांगत, ते स्मरोन, श्रीजगदंबेचे चरणी मस्तक ठेवोन, सोमवारचा उपास सोडण्याआधी लेखणी धरिली. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, माघ मासी राज्यात ऐसे वर्तमान जाहले की, राजकन्या सगुणाराजे, वय वर्षे तेरा, यांचे वरचे दात पुढे आले, आणि आतेबंधू भर पंगतीत बोलिले, "आधी दात येतात, मग मागाहून सगुणाराजे येतात!" आणि पंगत हसली, आणि मग राजकन्या तोंडावर हात धरल्यावाचून हसेनात, पुढे तर हसेनातच. मग दंतवैद्य भास्करपंत आले, आणि एकेका दातावर पोलादाची इवलीशी चौकट डकविली, आणि त्यांतून तार ओविली, आणि बोलिले, "दोन वर्षे. महिन्याचे महिन्यास तार आवळीन. चिक्की, चणे वर्ज्य." पहिले चार दिवस राजकन्या पेजेवर राहिल्या, आणि गाल आतून सोलला तेथल्या चौकटीस मेण लाविले, आणि रडल्या, परंतु तार काढा म्हणाल्या नाहीत. श्रावणापावेतो दात हटले, आणि मंगळागौरीस हात न धरिता हसल्या, ते आम्ही पाहिले.

मग आश्विन आला. राजकन्येच्या आजी, थोरल्या बाईसाहेब, मोठ्या व्रतस्थ, आणि आम्ही त्यांचे पदरी. त्या बोलिल्या, "पोर कुमारिका म्हणोन पाटावर बसायची, आणि देवीचा नैवेद्य त्या लोखंडी तोंडात? शिव शिव!" वैद्य परमुलखी गेलेले, मग सोनार बोलाविला. तो बोलिला, "नथीची तार काढतो तशी काढीन जी." राजकन्या बोलिल्या, "आजी, वैद्यकाका नको म्हणालेत गं." "नऊच दिवस. दसऱ्यास पुन्हा लावू." आणि सोनाराने पकडीने तार आणि चौकटी अवघ्या उपटिल्या, आणि समई आम्हीच धरिली होती, देवी क्षमा करो. परंतु दसऱ्यास सोनारास त्या पुन्हा डकविता येईनात, आणि वैद्य परतले ते मार्गशीर्षात.

तोंड पाहोन वैद्यांच्या हातचा आरसा गळाला. "हे कोणी केले?" थोरल्या बाईसाहेब पुढे जाहल्या. वैद्य बोलिले, "बाईसाहेब, दात म्हणजे गुरे. दावे सोडिले की जुन्या गोठ्याकडेच धावायची. आता पुन्हा आरंभापासोन." ऐकोन आमचे मनी आले, पुण्य करावयास गेलो आणि लेकराचे हसणे काढोन घेतले! राजकन्येचा हात पुन्हा तोंडावर गेला. "मी नाही बसणार त्या खुर्चीत. परत कुठला सण येईल, परत उपटाल." थोरल्या बाईसाहेबांचा चेहरा राखेसारखा जाहला, आणि मग हळू बोलिल्या, "मी बसेन तुझ्याजवळ. दर खेपेस. सण असो, ग्रहण असो, तारेस कोणी हात लावणार नाही. शब्द देते." "गुरुवारी बोलाविलंय. तुझा मार्गशीर्षातला गुरुवार." "येते म्हटलं ना."

सारांश, दात हलवावयास पोलाद लागते आणि काळ लागतो, आणि आमचे सोवळे दोहोंपैकी कशाचेही काम करीत नाही, ऐसे फार उशिरा कळो आले. गुरुवारी थोरल्या बाईसाहेबांनी घट मांडिला, आणि कहाणीची पोथी आमच्या हाती दिली, आणि तीस वर्षांत प्रथमच कहाणी न ऐकिता उठल्या, आणि वहाणा घालोन, राजकन्येचा हात धरोन वैद्यांकडे निघाल्या.