लांब मिशांचा भुंगेरा आणि ओळख समिती

एका जंगलात थंडी फार होती, देवदार फार होते आणि समित्या त्याहूनही फार होत्या. नीट ऐका हं, बाळांनो.

तिथल्या सर्वांत म्हाताऱ्या देवदाराच्या ढोलीत गोदाक्का सुतारपक्षीण राहायची. ढोलीत तिची तीन पिल्लं होती, अजून पंख न फुटलेली. एके सकाळी तिला बुंध्याशी ताज्या भुशाचा ढीग दिसला. तिने खोडाला कान लावला. आत करकर चालली होती. झाड आतून पोखरलं जात होतं!

ती चोच मारणार, तोच ओळख समितीचे चिटणीस साळिंदरराव धावत आले. "थांबा! ओळख पटल्याशिवाय कुठल्याही किड्याला मारायचं नाही. नियम आहे."

"अहो, लांब मिशांचा भुंगेरा आहे तो! आमच्या सात पिढ्या त्याला खात आल्या."

"खाणं म्हणजे ओळखणं नव्हे, बाई. नमुना आणा. अख्खा."

गोदाक्काने सालीवरचा एक धरून आणला. चोचीने त्याच्या पाठीला भोक पडलं. नापास. दुसऱ्याची एक मिशी तुटली. तोही नापास. तिसरा अख्खा होता, पण समितीने चष्मे पुसेपर्यंत तो उडून गेला.

अध्यक्ष होते घुबडसाहेब. बैठका दिवसा भरत, त्यामुळे ते झोपेतच मान डोलवायचे. विद्वान असेच असतात, बाळांनो. हसू नका.

शेवटी समिती झाडापाशी आली. साळिंदररावांनी अंगावरचा एक काटा उपटला आणि सालीवर किड्याच्या खुणा लिहिल्या. देवदारावर राहतो. लाकूड कोरतो. आत पोरं वाढवतो.

"यात कोण बसतं?" त्यांनी विचारलं.

सगळ्यांनी वर पाहिलं. ढोलीतून गोदाक्का डोकावत होती.

"अहो, पण मिशा?" ती ओरडली.

"तुटल्या असतील," साळिंदरराव म्हणाले. घुबडसाहेबांनी मान डोलवली.

त्याच दुपारी तिला हाकललं. एकेक पिल्लू चोचीत धरून ती रडत रडत पलीकडच्या देवदारावर गेली. आठव्या दिवशी म्हातारा देवदार कोसळला. समितीने अहवालात लिहिलं: 'हाकलल्यावरही झाड पडलं. यावरून कीड किती घातक होती, हे सिद्ध होते.' अहवालाचं फार कौतुक झालं.

नव्या झाडावर गोदाक्काने सवयीने खोडाला कान लावला. आत करकर चालली होती.

तिने इकडेतिकडे पाहिलं आणि चोच घट्ट मिटून घेतली.

तात्पर्य: झाड पोखरलं जात असेल तर मुलांनो, मुळीच टकटक करू नका. पोखरणारा आत असतो, समितीला दिसतो तो टकटक करणारा.