शेख सरांच्या डोक्यातले चपराशी

शांत जागी शेख सरांशी बोलायची सोय नव्हती. घरी काही सांगायला गेलं की ते हात धरून उठवायचे आणि जिनिंगच्या फाटकाशी नेऊन उभं करायचे. आत सरकी काढणाऱ्या यंत्रांचा धडधडाट, बाहेर ट्रॅक्टरचे हॉर्न. "हं, आता बोल." बरं, ओरडलेलंही चालायचं नाही. "आवाज नको चढवू बे. चपराश्यायले काम करू दे."

हे चपराशी मेंदूतले. सरांनी आर्णीच्या शाळेत आम्हाला विज्ञान शिकवलेलं. "मेंदू नुसता ऐकत नाई, गप्पबी बसवते. एक पेशी आवाज उचलते अन् शेजारच्यायले चूप करते. म्हून तं आवाज साफ लागते. माहे चपराशी आता म्हातारे झाले, कोनालेच दाबत नाई."

कानाचं मशीन आणून झालं होतं. पण ते सगळंच मोठं करायचं, कुकर, कावळे, शेजारचं भांडण. ते कपाटात गेलं आणि चपराश्यांच्या तालमीसाठी सरांनी मला धरलं.

त्या वर्षी बोंडअळीनं कापूस खाल्ला, उरला त्याला भाव नव्हता. जिनिंग बंद पडली. मी म्हटलं, सुटलो एकदाचा. सर भडकले. "अख्खा बाजार बसला अन् तुले सुटका सुचून राह्यली?" दुसऱ्या दिवसापासून आम्ही बसस्टँडवर. मी हळू आवाजात पेपर वाचायचो, लोक दोघांनाही वेड्यात काढायचे.

शेवटी वैतागून विचारलं, "हे सारं कायले, सर?"

"तुह्या चाचीसाठी." लकव्यानंतर सरांच्या बायकोचा, रजिया चाचींचा, आवाज अगदी बारीक झाला होता. "दुसऱ्यांदा सांगाले दम लागते तिले. मी 'आँ?' केलं का गप्प होते. आता तं बोलनंच सोडून राह्यली."

 मी पेपर वाचायला घेतला.

ईदला त्यांचं घर पाहुण्यांनी भरलं होतं. पोरांचा गोंधळ, भांड्यांचा आवाज. सर शीरखुर्म्याच्या वाट्या वाटत होते. पलंगावर चाचींचे ओठ हलले. मी शेजारीच होतो, मला काही कळलं नाही. सर मात्र तिकडं वाटता वाटता थांबले, स्वतःकडे खाली पाहिलं आणि हसत सुटले. नवा कुर्ता उलटा घातला होता. आम्ही सगळ्यांनी तो पाहिला होता, भिडेपोटी कोणी बोललं नव्हतं.

तो त्यांनी दिवसभर सुलटा केला नाही. येईल त्याला शिवण दाखवत सांगत होते, "तिनं सांगतलं, अन् मले ऐकू आलं."