पुसदला न जाणारी भरगच्च गाडी

यवतमाळच्या बसस्टँडवर एक गाडी दुरुस्तीसाठी उभी होती. तिचं इंजिन काढून नेलेलं होतं. मेकॅनिकने आपला धुतलेला दुपट्टा तिच्या खिडकीवर वाळत घातला आणि तो चहाला गेला. घटना एवढीच घडली.

आपल्याकडे खिडकीतून टाकलेला कपडा हा जागेचा मालकीहक्क असतो. दुपट्टा पाहून एकाने रुमाल टाकला, दुसऱ्याने टोपी, तिसऱ्याजवळ काहीच नव्हतं म्हणून त्याने पोरगं टाकलं. पाहता पाहता गाडी गच्च भरली. ती कुठे जाणार हे नंतर बहुमताने ठरलं. पुसद.

दीपमालाला पुसदच्या एका शाळेत गणित शिक्षिकेच्या मुलाखतीला पोचायचं होतं. कित्येक वर्षं तासिकेवर राबल्यावर निघालेली ही पहिली कायम जागा. दारात लोंबकळत तिने पुढच्या सीटवरच्या तुळसाबाईंना विचारलं, "मावशी, पुसदचीच हाय ना?"

"एवढे लोक काय येडे हायेत का?"

"पण ड्रायवर कुठी हाय?"

"गाडी भरल्याबिगर तो कायले येईन?"

मागे प्राध्यापक मंदार बसले होते. त्यांचा विषय समूहबुद्धी. "एकटी मुंगी मूर्ख असते, मॅडम," ते म्हणाले. "पण हजार मुंग्यांना साखर बरोबर सापडते. समूह चुकत नाही."

"सर, तुम्ही काहून बसले हिच्यात?"

"गर्दी पाहून. आमच्या शास्त्रात त्याला पुरावा म्हणतात."

तेवढ्यात शेजारी पुसदची पाटी लावलेली गाडी लागली. कंडक्टर किसनसिंग घसा फोडून ओरडू लागला, "दारव्हा, दिग्रस, पुसद!" गाडी साफ रिकामी.

"रिकामी हाय म्हणजे जात नसन," तुळसाबाईंनी निकाल दिला.

"अवो मावशी, तो सोता ओरडून राह्यला!"

"जाणाऱ्या गाडीले ओरडा लागते का कधी?"

किसनसिंग खिडकीखाली आला. "भाऊ, ह्या गाडीत इंजिनच नाही!"

"पाह्यलं? आपल्याले उतरवून सोताची भरून राह्यला!" अख्खी गाडी एका सुरात म्हणाली. मंदार सरांचे डोळे कौतुकाने पाणावले.

दीपमाला उतरली आणि किसनसिंगच्या गाडीत जाऊन बसली. तिची जागा लगेच दोघांना मिळाली.

इकडे बराच वेळ गाडी हलेना, तेव्हा धक्का मारायचा ठराव झाला. पण उतरलं की जागा जाते. म्हणून सर्वांनी आतूनच धक्का मारला. गाडी किंचित डुलली. "निघाली!" म्हणून टाळ्या पडल्या.

तिकडे दीपमाला वेळेवर पोचली. बाकीचे सगळे उमेदवार यवतमाळलाच त्या गाडीत धक्का मारण्यात व्यग्र होते. मुलाखत समितीच्या अध्यक्षांनी रिकाम्या खुर्च्यांवरून नजर फिरवली.

"तुम्ही एकट्याच?"

"हो, सर. गणित विचारा ना."

"गणित कायचं विचारू? चांगल्या जागेले गर्दी असते. ह्या जागेत काहीतरी भानगड असन."

सदस्यांनी एकमेकांकडे पाहिलं. सगळ्या माना एकदम हलल्या. अपुऱ्या प्रतिसादामुळे पद रद्द करण्यात आलं. दीपमाला पुन्हा तासिकेवर रुजू झाली.

त्या शाळेत गणित शिकवायला आजही कोणी नाही. प्रवेश मात्र यंदाही पहिल्याच दिवशी फुल्ल झाले. तुम्हीही आपलं पोरगं तिथेच घातलंय ना? योग्य केलंत. शेजाऱ्यांनी घातलं होतं.