बर्फाचा दाखला

पोलादपूरहून कापड्याच्या रस्त्याने वर गेलं की करंजशेत लागतं. १९९८च्या जूनमध्ये तिथल्या प्राथमिक शाळेला एक पुस्तक भेट मिळालं. शाळेला यापूर्वी भिंतीवरचं घड्याळ, छताचा पंखा आणि पहिला पंखा विजेअभावी फिरत नसताना आलेला दुसरा पंखा, अशा भेटी मिळाल्या होत्या. पुस्तक ही वस्तू प्रथमच आल्यामुळे ती कुठे टांगावी, असा प्रश्न निर्माण झाला.

भेट देणारा जहांगीर मस्कतला एका कुटुंबाची गाडी चालवायचा. आखातातून सुट्टीवर येणाऱ्या प्रत्येकाकडून शाळेसाठी काहीतरी घ्यायचं, हा मुख्याध्यापक दत्ताराम गुरुजींचा शिरस्ता. जहांगीरच्या मालकांची मुलं मोठी झाली होती. त्यांनी टाकायला काढलेलं पुस्तक त्याने कागदात बांधून जपून आणलं होतं.

"पंखाच घेणार होतो, गुरुजी," तो म्हणाला, "पण आमची सुम्बुल बोलली, पंख्यात चित्रं नसतात."

सुम्बुल ही त्याची मुलगी, तिसरीत होती. तिच्या वर्गाच्या रेश्मा बाईंनी त्याच दिवशी कागद सोडला. पुस्तक परातीएवढं मोठं, इंग्रजी. बाई एकेक पान मनात वाचत आणि मराठीतून सांगत. नाताळच्या आदल्या दिवशीची गोष्ट होती. बर्फाने झाकलेलं गाव, घराघरांवर कंदील, आणि त्या गडबडीत दोन भावंडांचं कोकरू हरवतं. दोघं त्याला शोधायला निघतात. तपासणीलाही कधी गप्प न बसलेला वर्ग गप्प बसला. करंजशेतात शेळी हरवणं म्हणजे काय, हे कोणाला समजावून सांगावं लागत नव्हतं.

मधल्या पानावर भाऊ गोठलेल्या तळ्यावरून धावतो आणि बर्फ फुटतो. तो छातीपर्यंत पाण्यात. बहीण बर्फावर पालथी पडून त्याच्या मफलरचं टोक धरून आहे. बाईंनी पान उलटायला हात घातला, तोच दारात गुरुजी उभे.

"बाई, हे डेडस्टॉकला चढवलंय का?"

डेडस्टॉक म्हणजे शाळेच्या सामानाची वही. तीत चढल्याशिवाय शाळेतली कोणतीही वस्तू जिवंत धरली जात नसे.

"आत्ताच तर आलंय, गुरुजी."

"मग ते अजून आलेलं नाही." गुरुजींनी पुस्तक मिटलं.

"एकच पान वाचू द्या. पोरगा पाण्यात आहे."

"असू दे. नोंद झाल्यावर काढू."

अशा रीतीने तो मुलगा जूनमध्ये पाण्यात पडला आणि प्रशासकीय कारणास्तव तिथेच राहिला.

भेटवस्तूंच्या रकान्यात पंख्याची सोय होती, घड्याळाची होती, पुस्तकाची नव्हती. पुस्तकं वरून येतात, बाजूने येत नाहीत. गुरुजींनी वरच्या कार्यालयाला मार्गदर्शन मागितलं आणि पुस्तक कपाटात बंद केलं. गुरुजी वाईट नव्हते. एकदा शाळेची बादली हरवली होती, तिचं स्पष्टीकरण ते तीन साहेबांच्या कारकिर्दीत देत होते.

पुढचं बाईंनीही वाचलेलं नव्हतं आणि मनचा शेवट ठोकून द्यायला त्यांची जीभ उचलेना. सुम्बुल रोज प्रार्थनेआधी कपाटापाशी जाऊन उभी राहायची.

"गुरुजी, त्यो बुडला का?"

"कार्यवाही चालू आहे."

घरी जेवताना ती एका हाताने आईची ओढणी धरून बसू लागली. सकिना वैतागली. "सोड की गो! भाकरी थापू कशी?"

"सोडली तर त्यो जाईल," सुम्बुल म्हणाली. सकिनाने मग एका हाताने भाकरी थापली.

गणपती उठल्यावर वरून उत्तर आलं. इयत्ता तिसरीस भूगोलात केवळ स्वतःचा जिल्हा आहे; सबब जिल्ह्याबाहेरील हवामान विद्यार्थ्यांसमोर आणता येणार नाही. रायगड जिल्ह्यात बर्फ पडत असल्यास तसा दाखला जोडावा.

गुरुजी तलाठ्याकडे गेले. तलाठी सहानुभूतीने म्हणाला, "पाऊस लिहून देतो, दरड लिहून देतो, अगदीच नड असली तर वादळही देतो. बर्फ माझ्या अधिकारात नाय, गुरुजी."

शाळा समितीचे अध्यक्ष भिकाजी भाताच्या गिरणीचे मालक. त्यांनी मार्ग काढला. "बर्फ नाय कसा? महाडच्या मच्छीबाजारात फोडतात त्यो काय मीठ हाय?"

गुरुजी एसटीने महाडला गेले. तिथल्या बर्फाच्या कारखान्याचा मालक नौमान दाखला द्यायला एका पायावर तयार होता. 'आमचेकडे बारमाही बर्फ मिळतो,' असं त्याने लिहिलं.

"मिळतो नको," गुरुजी म्हणाले. "पडतो पाहिजे."

नौमानने क्षणभर विचार केला. "साच्यातून खाली पडतोच की," तो म्हणाला आणि त्याने शब्द बदलला.

दाखल्याची शहानिशा करायला वरच्या कार्यालयातले साहेब स्वतः कारखान्यात आले. त्यांनी बर्फाची जागेवर पाहणी केली, बर्फात ठेवलेल्या सुरमईचीही केली आणि ती अधिक तपासणीसाठी घरी नेली. दिवाळीनंतर मंजुरी आली. पुस्तक नाताळविषयक असल्याने त्याचं वाचन नाताळच्या दिवशीच, शाळेतच आणि शाळेच्या वेळेतच करण्यात यावं.

रेश्मा बाई म्हणाल्या, "गुरुजी, नाताळला सुट्टी असते."

गुरुजींनी मंजुरी पुन्हा वाचली. "असते. पण वाचायला परवानगी आहे."

"आणि शाळा उघडायला?"

"ती नाही."

ती मागवली. उत्तर या वेळी तत्परतेने आलं. सुट्टीच्या दिवशी शाळा उघडल्यास ती दप्तरी बंदच समजली जाईल. आणि बंद शाळेत वाचन करणं नियमबाह्य आहे. हे पुढच्या वर्षीही लागू राहील.

नाताळच्या आदल्या दिवशी बाई गुरुजींच्या टेबलासमोर उभ्या राहिल्या. "कपाटाची चावी द्या. काय व्हायचं ते माझ्या नावावर होऊ दे."

गुरुजींनी खिशातून चावी काढली. मग आवाज उतरवून म्हणाले, "बाई, त्या पोरीच्या हातात मफलरच होता ना? लोकरीचा?"

"हो."

"लोकर भिजली की ताणते हो." त्यांनी चावी टेबलावर ठेवली आणि ते पाणी प्यायला गेले. इतकं पाणी गुरुजी कधी पीत नसत.

दुसऱ्या दिवशी सकिनाच्या पडवीत सगळा वर्ग जमला. पोरांमागे आईबाप आले, भिकाजी आले. गुरुजी धुवट लेंगा घालून आले. "मी आज रजेवर आहे, मला काही दिसत नाही," असं जाहीर करून ते सर्वांत पुढे बसले.

बाईंनी पान उलटलं. बहिणीने मफलर सोडला नव्हता. तिच्या हाका ऐकून गाव धावलं, एकामागे एक माणसं बर्फावर पालथी पडली, प्रत्येकाने पुढच्याचे पाय धरले आणि मुलगा बाहेर ओढला गेला. कोकरू त्यांच्याच गोठ्यात, गवताच्या भाऱ्यामागे झोपलेलं निघालं. सुम्बुलने मोठा श्वास सोडला आणि स्वतःचं मनगट चोळलं.

"परत वाचा, बाई."

बाईंनी परत वाचलं. या वेळी पोरांनी "ओढा रे, ओढा!" असा गिल्ला केला, की विहिरीत म्हैस पडली असं समजून खालच्या वाडीतले दोघं दोर घेऊन आले. गुरुजींनी उपरण्याने डोळे पुसले आणि ते धुराने चुरचुरत असल्याचं सांगितलं. चूल विझलेली होती.

सकिनाने चहा दिला. कप हातात घेऊन भिकाजी म्हणाले, "गोष्ट झ्याक हाय. पण बाई, ही स्कॉलरशिपला येते का?"

"नाही."

"मग नवोदयच्या परीक्षेला?"

"नाही, भिकाजीराव."

"मग पोरांना उपयोग काय?"

बाई म्हणाल्या, "बघा ना, कशी ऐकतायत."

"ऐकतात, तेच तर," बिरवाडीच्या कंपनीत कामाला जाणारा एक बाप म्हणाला. "आमचं पोरगं हितं तासभर हललं नाय. तेवढ्यात दोन पाढे झाले असते."

सगळ्यांना ते पटलं. कोणी वाईट बोललं नाही. बाईंचं कौतुकच झालं. समितीचे सदस्य हजर होतेच, म्हणून सभाही तिथेच भरली. अभ्यासक्रम पूर्ण झाल्याखेरीज शाळेत अवांतर वाचन होऊ नये, असा ठराव एकमताने झाला. अभ्यासक्रम आजवर कोणत्याच शाळेत पूर्ण झालेला नाही, हे गुरुजींना ठाऊक होतं. ठरावात काही खोट सापडते का, ते त्यांनी जन्मात पहिल्यांदाच मनापासून शोधलं. सापडली नाही. वरच्या कार्यालयाला पावसाळा, गणपती आणि दिवाळी घालवून जे जमलं नव्हतं, ते गावाने चहा निवायच्या आत केलं.

पुस्तक कपाटात गेलं आणि त्याच्यापुढे गाईडांची थप्पी लागली. सुम्बुल मात्र शाळा सुटल्यावर पहिलीच्या पोरांना पडवीत बसवून ती गोष्ट सांगू लागली. तिच्या गोष्टीतलं तळं हळूहळू सावित्री नदीएवढं झालं आणि ओढायला अख्खा तालुका लागू लागला. ही बाब अद्याप समितीच्या निदर्शनास आलेली नाही.

इथवर आल्यावर, गोष्ट ठीक आहे पण हिच्यातून शिकायचं काय, असा प्रश्न ज्या वाचकांच्या ओठांवर आला असेल, त्यांनी करंजशेतला येऊन भिकाजींना भेटावं. समितीवर पालकांची एक जागा रिकामी आहे आणि अशा माणसांची तिथे निवड बिनविरोध होते.